एकच लक्षण, दोन बिघाड: शिरोलीतल्या जुन्या एआरएम सर्व्हरचं प्रकरण

३ नोव्हेंबर २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत दुपारी शेवटची हीट (एका वेळी वितळवलेल्या धातूचा घाणा) ओतली, फर्नेस बंद झाली आणि पोरं बोनसची पाकिटं घेऊन घरी गेली. सोमवारी सकाळी सहाला पुन्हा चार्जिंग, म्हणजे भट्टीत माल भरणं. मधले चार दिवस सर्व्हर माझ्या ताब्यात. डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या आवृत्ती १० वरून ११ वर जायचं काम मी ऑगस्टपासून पुढं ढकलत होतो, ते या सुट्टीत उरकायचं ठरवलं. रात्री साडेनऊला रीबूटची आज्ञा दिली आणि मशीन परत आलंच नाही. पंखा फिरतोय, नेटवर्कचा दिवा जळतोय, पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर नाही.

या सर्व्हरवर काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे माझा घाम कळेल. प्रत्येक हीटचं सॅम्पल लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, जातं. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर यांचे आकडे हीट नंबरसकट सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये पडतात. गिऱ्हाईक कास्टिंग घेताना त्या हीटचा दाखला मागतं. दाखला नाही तर गाडी गेटवरच थांबते. डेटाबेस बंद म्हणजे रजिस्टर आणि बॉलपेन.

मशीनही जरा वेगळं. २०१८ मध्ये मालकांच्या भाच्यानं बेंगळुरूहून स्वस्तात आणलेला बोर्ड: एक्स-जीन १ चिप, आठ कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. एआरएम या प्रोसेसर घराण्याच्या ६४-बिट सर्व्हरची जी पहिली पिढी बाजारात आली, त्यातलाच हा मस्टँग नावाचा बोर्ड. सिस्टीम साध्या साटा एसएसडीवर, डेटाबेस पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधल्या अडॅप्टरवर बसवलेल्या एनव्हीएमई डिस्कवर. वीज कमी खातो, तापत नाही. जुलैच्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि आम्ही कुणी कारखान्यापर्यंत पोचू शकलो नाही, तेव्हाही हा यूपीएस आणि जनरेटरवर निमूट चालत राहिला होता. त्यामुळं त्याच्यावर माझा जीव होता, आणि जरा गाफीलपणाही आला होता.

गाफीलपणा म्हणजे काय, ते गुरुवारी सकाळी कळलं. या बोर्डाला मॉनिटर लावायची सोय नाही. त्याला जे बोलायचं ते तो मागच्या सिरीयल पोर्टवर बोलतो. माझ्याकडं यूएसबीला लावायचा सिरीयल कन्व्हर्टर होता, पण मधली क्रॉस केबल नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी राजारामपुरीत कुठलं कॉम्प्युटरचं दुकान उघडं मिळणार? शेवटी उद्यमनगरात सीएनसीचं जॉबवर्क करणाऱ्या मित्राला फोन लावला. सीएनसी मशीनमध्ये प्रोग्रॅम चढवायला ही मंडळी अजून आरएस-२३२ केबल वापरतात. तो म्हणाला, "केबल आहे भावा, पण मशीनकडचं टोक पंचवीस पिनचं आहे." दुपारी त्याच्या शेडमध्ये बसून ते टोक कापलं, नऊ पिनचं सॉकेट डाकलं: दोनची तार तीनला, तीनची दोनला, पाच सरळ पाचला. त्याच्या मशीनचा वेग ९६०० होता, तोच माझ्या टर्मिनलमध्ये राहून गेला. कारखान्यात येऊन जोडल्यावर आधी नुसती चिन्हांची भेळ दिसली. वेग १,१५,२०० केला आणि अठरा तासांनी मशीनचं पहिलं वाक्य वाचता आलं.

ते वाक्य असं: "व्हेरिफाइंग चेकसम", आणि त्याच्यापुढं "बॅड डेटा सीआरसी". खाली "कर्नल इमेज मिळत नाही" अशा अर्थाची एक ओळ आणि मग यू-बूटचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, प्रॉम्प्ट. म्हणजे लिनक्स सुरूच झालेलं नाही. बूटलोडरनं कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीत घेतला, चेकसमची बेरीज ताडून पाहिली, ती जुळली नाही, आणि त्यानं हात वर केले.

चेकसम जुळत नाही म्हटल्यावर कुणाच्याही मनात येईल तेच माझ्या मनात आलं: फाइल खराब लिहिली गेली किंवा एसएसडी मरायला टेकली. एसएसडी काढून लॅपटॉपला लावली, फाइलसिस्टीम तपासली, स्वच्छ. एसएसडीचं आरोग्य पाहिलं, ठणठणीत. तरी समाधान होईना म्हणून त्याच कर्नलपासून लॅपटॉपवर नवी यू-इमेज बनवली, परत लावली. पुन्हा बॅड डेटा सीआरसी. मग फ्लॅश-कर्नलनं ठेवलेली बॅकअप इमेज लावून पाहिली. हे फ्लॅश-कर्नल म्हणजे डेबियनमधलं छोटं हत्यार. नवा कर्नल आला की तो यू-बूटला समजेल अशा रूपात गुंडाळून बूट पार्टिशनवर ठेवायचा आणि आधीची फाइल बाजूला सरकवायची, एवढंच त्याचं काम. बॅकअपही त्याच ठिकाणी आपटली. उशिरा डोक्यात प्रकाश पडला की अपग्रेडच्या वेळी हे हत्यार एकदा नाही, दोन-तीनदा चालतं. इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा (रॅमडिस्क), नव्यानं बांधला गेला की दर वेळी. पहिल्या फेरीत जुना कर्नल बॅकअपमध्ये गेला असेल, दुसऱ्या फेरीत त्याच्यावर नवाच बसला. बॅकअप म्हणून जे ठेवलं होतं ती नव्याचीच दुसरी प्रत होती. यात गुरुवार संपला. घरी पूजेला पोचलो तेव्हा बायकोनं काही विचारलं नाही, नुसतं ताट वाढलं. त्या न विचारण्यातच सगळं आलं.

शुक्रवारी पाडव्याला सकाळी पुन्हा प्रॉम्प्टसमोर बसलो आणि एकदम बूट करायचं सोडून दिलं. यू-बूटमध्ये एक लहान आज्ञा आहे, आयएमआय. मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर जी इमेज आहे ती धड आहे की नाही, एवढंच ती सांगते. बूट करताना एका दमात चालणारी कामं मी एकेक करून हातानं केली. कर्नल मेमरीत घेतला, आयएमआय मारली: चेकसम ठीक. रॅमडिस्क मेमरीत घेतली. पुन्हा त्याच कर्नलच्या पत्त्यावर आयएमआय: बॅड डेटा सीआरसी.

पाच मिनिटांपूर्वी धड असलेला कर्नल, त्याला कुणी हात न लावता, बिघडला होता. मधे झालं होतं ते एवढंच की रॅमडिस्क आली होती. प्रिंटएन्व्ह ही यू-बूटमधल्या नोंदी दाखवणारी आज्ञा मारून कर्नल आणि रॅमडिस्कचे मेमरीतले दोन पत्ते कागदावर लिहिले, वजाबाकी केली. फरक बरोबर २४ एमबी. नवी कर्नल फाइल २५ एमबीच्या वर. म्हणजे कर्नलचं शेपूट ठरलेल्या हद्दीच्या पलीकडं जात होतं आणि मागून येणारी रॅमडिस्क नेमकी त्या शेपटावर येऊन बसत होती. हे पत्ते बोर्डाच्या आधीच्या मालकानं कधीतरी हातानं टाकलेले. तेव्हाच्या कर्नलला २४ एमबी म्हणजे ऐसपैस जागा. २०१९ मध्ये मी ९ वरून १० वर गेलो तेव्हाही कर्नल हद्दीच्या आत राहिला, म्हणून काही जाणवलं नाही. कर्नल दर आवृत्तीला थोडा थोडा वाढत होता आणि ही भिंत तिथंच उभी होती.

इथं एक सांगून ठेवतो. बूट करताना दोन्हींचा क्रम उलटा असता, म्हणजे आधी रॅमडिस्क आणि मग कर्नल, तर मार रॅमडिस्कच्या तोंडावर बसला असता आणि संदेश आला असता "राँग रॅमडिस्क इमेज फॉरमॅट". मूळ दुखणं एकच, तक्रार मात्र अगदी वेगळी. जुन्या यू-बूटच्या मशीनवर अपग्रेडनंतर या दोनपैकी काहीही दिसलं तर डिस्कवर संशय घेण्याआधी वजाबाकी करावी. मी आधी डिस्क उघडली आणि एक दिवस घालवला.

उपाय दोन ओळींचा. रॅमडिस्कचा पत्ता कर्नलपासून १२८ एमबी लांब नेला. सेव्हएन्व्ह, म्हणजे बदल कायमचा जतन करणं, लगेच केलं नाही. आधी नुसतं त्या वेळेपुरतं बदलून बूट करून पाहिलं. चुकीचा पत्ता कायमचा लिहून बसलो असतो तर दर रीबूटला केबल घेऊन यावं लागलं असतं.

"स्टार्टिंग कर्नल" आलं, ओळी धावायला लागल्या. मी खुर्चीतून उठलोच. मालक, म्हणजे आमचे आण्णा, पाडव्याच्या वहीपूजनासाठी ऑफिसात आले होते. दारातून डोकावून म्हणाले, "आलं का जिवात?" मी म्हटलं, "आलं आण्णा." हे मी दीड मिनिट लवकर बोललो.

ओळी एनव्हीएमईच्या नावापाशी थबकल्या. टाइमआउट. मग सिस्टीमडीची, म्हणजे लिनक्समध्ये बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, ती ओळखीची ओळ, अमुक डिस्कची वाट पाहतोय, कमाल दीड मिनिट, आणि कडेला मोजणारे सेकंद. दीड मिनिट संपलं, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं आणि तिथून सांगू लागलं की रूटचं (मुख्य प्रशासकाचं) खातं कुलूपबंद आहे, त्यामुळं आत येता येणार नाही. एंटर दाबा. एंटर दाबलं की पुन्हा तेच. इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड न देता सुडोवर (आपल्याच खात्यातून रूटचे अधिकार घेण्यावर) भागवायची माझीच सवय, ती अशी अंगाशी आली.

नेटवर्कवरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळचं लक्षण अगदी सारखं: पिंग नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) नाही. सिरीयल केबल नसती तर माझी पहिली दुरुस्ती चुकली असंच मी धरलं असतं आणि बरोबर केलेलं उलटं फिरवलं असतं.

बूटलोडरमधून कर्नलला इनिटच्या (पहिल्या प्रोग्रॅमच्या) जागी थेट बॅश (कमांड लाइन) चालवायला सांगून आत शिरलो, एफस्टॅबमधली (डिस्कांच्या यादीतली) एनव्हीएमईची ओळ बंद केली, रीबूट. सिस्टीम वर आली. डेटा सोडून सगळं होतं. आता एनव्हीएमईच्या मागं लागायचं.

पण त्याआधी एका संदेशानं दोन तास खाल्ले. बूट होण्याच्या सुरुवातीलाच, फर्मवेअर बग म्हणून ठळक शिक्का मारलेली ओळ: कर्नल इमेज मेमरीत सरळ रेषेत बसलेली नाही, कृपया बूटलोडर दुरुस्त करा. जुन्या कर्नलवर ही कधी दिसली नव्हती. साहजिकच वाटलं, हाच गुन्हेगार. खोलात गेल्यावर कळलं ते असं. ६४-बिट एआरएमचा कर्नल पूर्वी दोन एमबीच्या हद्दीपासून ५१२ केबी पुढं ठेवायची रीत होती. कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून तो ५१२ केबीचा सरकाव शून्य झाला, म्हणजे कर्नल बरोबर हद्दीवरच बसायला हवा. आमचा यू-बूट आणि फ्लॅश-कर्नल दोघंही जुन्या रितीनं ५१२ केबीवरच ठेवत होते. मात्र नवा कर्नल स्वतःला मेमरीत हलवून घेऊ शकतो, त्यामुळं तो कुरकुर करतो आणि चालू होतो. एनव्हीएमईशी या ओळीचा काही संबंध नव्हता. लाल अक्षरातलं सगळंच आगीचं नसतं, हे फाउंड्रीत काम करून मला कळायला हवं होतं.

खरा धागा दुसरीकडं होता. पीसीआयची यादी काढली तर एनव्हीएमई कार्ड यादीत होतं, नावासकट. म्हणजे स्लॉट, वीज, जोडणी ठीक. तरी मनाच्या समाधानासाठी कार्ड काढून खोडरबरानं पट्ट्या पुसल्या. ही आपल्याकडची पूजाच आहे, ती केल्याशिवाय पुढं जाववत नाही. फरक नाही. मग अडगळीतलं एक जुनं पीसीआय साटा कार्ड त्याच स्लॉटमध्ये घातलं. तेही यादीत दिसलं, आणि त्याला जोडलेली डिस्कही टाइमआउट झाली. इथं एनव्हीएमई सुटली. बिघाड कार्डात नव्हता, वाटेत होता.

वाट दुहेरी असते. प्रोसेसर कार्डाला हाक मारतो, त्याचं नाव-गाव विचारतो. ही जाण्याची वाट. कार्ड मग स्वतःहून मुख्य मेमरीत जाऊन आज्ञा उचलतं आणि डेटा ठेवतं. ही येण्याची वाट. जाण्याची वाट उघडी होती म्हणून कार्ड यादीत दिसत होतं. येण्याची बंद, म्हणून आज्ञा उचलायलाच ते मेमरीपर्यंत पोचत नव्हतं आणि ड्रायव्हर उत्तराची वाट पाहून थकत होता.

आता कर्नल जुना-नवा करून पाहणं आलं. बूट पार्टिशनवर जुन्या ४.१९ कर्नलची मूळ (न गुंडाळलेली) फाइल अजून होती, अपग्रेडनं ती काढली नव्हती. त्यावर बूट केलं: एनव्हीएमई हजर, डेटाबेस सुखरूप. त्या क्षणी पोटातली गाठ सुटली. सोमवारची काळजी मिटली होती, पुढचं सगळं कुतूहल. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात प्रत्येक काळातली पॅकेजं जपून ठेवलेली असतात. तिथून ५.४ घेतला: चालला. ५.५ घेतला: टाइमआउट. शनिवारी भाऊबीजेला बहिणीकडं जायच्या आधी हद्द सापडली होती, आणि सहाव्या रीबूटला लॅबमधला पोरगा, जो सुट्टीत नुसता गंमत म्हणून आला होता, पुढची ओळ माझ्याआधी वाचून दाखवत होता.

५.४ आणि ५.५ यांमध्ये एक्स-जीनच्या पीसीआय ड्रायव्हरमध्ये काय बदललं ते पाहिलं. या कंट्रोलरमध्ये येण्याच्या वाटेसाठी खिडक्या असतात: कार्डानं मेमरीच्या कुठल्या पट्ट्यात जायचं, ते त्या ठरवतात. पट्टे डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठं आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेले असतात. जुना ड्रायव्हर ते ज्या क्रमानं लिहिलेत त्याच क्रमानं खिडक्यांना वाटत असे. ५.५ मध्ये ड्रायव्हर स्वतःचं वाचन सोडून सगळ्यांच्या सामाईक कोडवर आला, आणि सामाईक कोड पट्टे पत्त्याच्या चढत्या क्रमानं लावून देतं. आमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये दोन पट्टे: आधी २ जीबीचा, मागून शून्यापासून सुरू होणारा ५१२ जीबीचा. क्रम लावल्यावर शून्यवाला पुढं आला आणि पहिल्या खिडकीच्या वाट्याला गेला. त्या पहिल्या खिडकीला ४ जीबीपेक्षा मोठा पट्टा पेलत नाही, असं दिसतं.

मी आधी डिव्हाइस ट्रीमध्येच दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल करून पाहिली होती. काहीच झालं नाही, आणि का ते आता कळलं: मी कसाही क्रम लावला तरी कर्नल तो पुन्हा स्वतःच्या पद्धतीनं लावत होता. जुना डिव्हाइस ट्री आणि नवा कर्नल ही जोडीही त्याच कारणानं फसली होती.

ड्रायव्हरमधला बदल उलटा करून स्वतः कर्नल बांधता आला असता. आठ कोअर होतेच. मी ते केलं नाही. हातानं बांधलेला कर्नल म्हणजे मी आजारी पडलो की कुणी हात लावायचा नाही अशी वस्तू, आणि दर सुरक्षा अपडेटला तेच काम. ५.४ वर थांबायचाही मोह झाला, पण त्याला डेबियनकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. म्हणून डेबियन ११ ची बाकी सगळी सिस्टीम आणि कर्नल तेवढा डेबियन १० चा ४.१९, अशी जोडी ठेवली. १० च्या सुरक्षा अपडेट चालू होत्या, तो स्रोत यादीत ठेवून पिनिंगनं फक्त कर्नल तिथून येईल असं बांधलं. दिसायला ठिगळ, पण मी गावी गेलो तरी टिकणारं.

बाकी कामं रविवारी तासाभरात झाली. एफस्टॅबमधल्या डेटा डिस्कच्या ओळीला नोफेल लावलं, म्हणजे डिस्क नाही आली तरी सिस्टीम वर येते आणि एसएसएचनं आत जाता येतं. रूटला पासवर्ड दिला, तो पाकिटात घालून आण्णांच्या तिजोरीत ठेवला. चाललेल्या ४.१९ ची इमेज आणि रॅमडिस्क वेगळ्या नावानं बूट पार्टिशनवर ठेवली, जिथं फ्लॅश-कर्नलचा हात पोचत नाही, आणि यू-बूटमध्ये तिच्यासाठी वेगळा चल (व्हेरिएबल) केला: प्रॉम्प्टवर एक शब्द टाइप केला की जुना कर्नल. डाकलेली केबल रॅकच्या मागच्या बाजूला टायनं बांधून टाकली, वर कागद: वेग १,१५,२००. मित्राला नवी केबल घेऊन दिली.

सोमवारी सहाला फर्नेस चढली. पावणेआठच्या सुमारास दिवाळीनंतरच्या पहिल्या हीटचे आकडे डेटाबेसमध्ये पडले. आण्णा लॅबमध्ये आले, पडद्याकडं बघून म्हणाले, "चार दिस काय झालं हुतं त्याला?" मी सुरुवात केली: कर्नल मोठा झाला, रॅमडिस्क त्याच्यावर बसली... त्यांनी हात वर केला. "म्हंजे साच्यापेक्षा कास्टिंग मोठं झालं. कळलं. चहा घे."

नोव्हेंबरच्या अखेरीस कर्नलवाल्यांकडून या ड्रायव्हरची पहिली दुरुस्ती आली. तिच्यानं काही मशीनं सुधारली, काहींवर अडचण राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये ५.५ चा मूळ बदलच मागं घेण्यात आला. हा उलटा बदल चालू स्थिर मालिकांमध्येही, म्हणजे अजून दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या कर्नलांमध्येही, गेला. जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, एका रविवारी केबल सोडवून डेबियन ११ चा ताजा ५.१० कर्नल लावून पाहिला. एनव्हीएमई पहिल्याच फटक्यात आली. पिनिंग काढून टाकलं.

सरळ रेषेत न बसल्याची ती ओळ मात्र दर बुटाला अजून येते. कृपया बूटलोडर दुरुस्त करा. या चिपची कंपनी जानेवारी २०१७ मध्ये विकली गेली, पुढं हा प्रोसेसरचा धंदाही दुसऱ्या हातात गेला. आमच्या बोर्डाचा नवा यू-बूट आता कुणी पाठवणार नाही. लॅबमधला पोरगा ती ओळ आली की म्हणतो, "सर, आलं बघा तुमचं पत्र."